सान हुआनच्या जुन्या गावात अण्णांची एकादशी

मंडळी, आज संध्याकाळी नाशिकच्या घरात बसून मी एका कॅरिबियन बेटावरचा उपवास वाचवला.

उपवास माझ्या थोरल्या भावाचा, अण्णांचा. मुलाने त्यांना आणि वहिनींना जहाजाच्या सहलीला पाठवलंय. आज सान हुआनच्या जुन्या गावात उतरल्यावर अण्णांना एकादशी आठवली, तीही डायबेटिसची गोळी घेऊन झाल्यावर.

वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. "भाऊजी, यांचे हात थरथरतायत. खडीसाखर दिलीय, पण जेवायला नाहीच म्हणतात. गल्लीभर खाणावळी आहेत, पण उपवासाचं कुठे शोधू?"

मी म्हटलं, "अण्णा, समुद्र ओलांडला की एकादशी माफ असते."

"तू गप्प बस. तू चतुर्थीला ऑम्लेट खातोस."

आरोप खरा असल्यामुळे वाद घातला नाही. वहिनींना समोरच्या खाणावळीचा फलक दाखवायला सांगितला. त्यावर होती उकडलेली युका. मोबाइलवर शोधलं, तर आपला साबुदाणा ज्या कंदापासून करतात, तोच हा कंद!

"अण्णा, हा साबुदाणा होण्याआधीचा साबुदाणा आहे. मुकाट्याने खा."

"त्यात लसूण असेल."

"नको म्हणून सांगितलंय मी, हातवारे करून," वहिनी कडाडल्या.

पुढची दहा मिनिटं मी फोनकडे बघत बसलो. मग वहिनींचा पुन्हा कॉल आला आणि अण्णा दिसले. समोर दुसरी प्लेट, हात स्थिर.

"बरं आहे. दाण्याचा कूट हवा होता."

अण्णांनी तक्रार केली आणि माझा जीव भांड्यात पडला.

तुमच्या घरी उपवासाला काय चालतं, हे कोण ठरवतं? आमच्याकडे आजपासून ऑम्लेटवाला.