माझा देश शेठनी ठरवला

शेठनी पायातला जोडा काढला आणि माझ्यासमोर सरकवला.

"बघ रे, कुठं उसवलाय?"

धुळ्यातली त्यांची बैठक. खुर्च्यांवर गावातली मोठी माणसं. वकिलांचा मुलगाही खुर्चीवर. मी उभा. खरं तर आम्ही दोघं एकाच कामासाठी आलो होतो. शेठची कापसाची जिनिंग गिरणी होती, आणि ते आपल्या खर्चानं दोन मुलांना शिकायला परदेशी पाठवणार होते. वकिलांच्या मुलाला त्यांनी विचारलं होतं, "काय शिकणार?" तो म्हणाला, बॅरिस्टर होणार. "मग इंग्लंड!" सगळे कौतुकानं हसले.

मला विचारलं, "कुणाचा तू?"

मी सोनगीरचा. चांभाराचा. जळगावच्या कॉलेजातून गणित घेऊन बी.एस्सी. झालेला, पहिल्या वर्गात. पण पुढचं सांगायची वेळच आली नाही. चांभार म्हटल्याबरोबर जोडा पुढं आला.

आणि माझा हात गेला. मी नाही गेलो, हात गेला. बोटांनी शिवण चाचपली. "टाचेकडं उसवलाय," मी म्हणालो. माझाच आवाज.

"घ्या, याचाही देश ठरला!" शेठनी मांडीवर थाप मारली. "इंग्लंडच. तिथं चामड्याचं कॉलेज आहे. हात तर पोराचा तयारच आहे."

पुन्हा सगळे हसले. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, तेच मला छळतं. माझं भलं झालं असं त्यांना मनापासून वाटत होतं. वकिलांचा मुलगा म्हणाला, "चल, एकाच बोटीनं जाऊ."

मला जर्मनीला जायचं होतं. आमचे सर म्हणायचे, गणिताचं माहेरघर ते. एका जुन्या डिक्शनरीवरून मी जर्मन शिकत होतो. आबा, म्हणजे माझे वडील, अंगणात कातडं कमवायचे. चुन्याचा वास नाकात जायचा आणि मी क्रियापदं घोकायचो.

मी जोडा खाली ठेवला. "मला गणित शिकायचंय. जर्मनीत."

शेठ रागावले नाहीत. समजुतीनं म्हणाले, "अरे, तिथंसुद्धा परवाच्या युद्धात जन्म बघूनच माणसं मारली. पेपर वाचत नाहीस का? तुला कुठं वेगळं मिळणार आहे? विचार कर. शुक्रवारी येऊन सांग."

वाचलं होतं मी. वाचून रात्र रात्र झोप लागली नव्हती. अमेरिकेत काळ्या माणसांना बसमध्ये मागं बसवतात, तेही वाचलं होतं. अपमान नसलेला देश नकाशात नव्हता. पण मी तो शोधतच नव्हतो. आधी विषय, मग देश, एवढंच मला हवं होतं. वकिलांच्या मुलाला ते न मागता मिळालं.

घरी आल्यावर आबांना सगळं सांगितलं. ते माझा हात धरून बसले.

"हा म्हनी दे रे. तठे जाईसन तुले जे शिकनं शे ते शिक. कोन देखाले येस?"

मला रडू आलं. आबांचं काय चुकत होतं? असंच जन्मभर हो हो म्हणत त्यांनी मला कॉलेजापर्यंत पोचवलं होतं.

मी म्हणालो, "आबा, आज मी हा म्हनसू, तं उद्या मना पोरलेबी जोडाच दावतीन."



शुक्रवारी मी धुळ्याला गेलो आणि नाही म्हणालो. तेव्हापासून कुणी माझ्यापुढं काहीही सरकवलं, साधं पुस्तक असलं, तरी बोटं आखडतात. ते हसणं कानात येतं. भर वर्गात शिकवतानाही येतं.

जर्मनीला मी अजून गेलेलो नाही. कदाचित जाणारही नाही. पण जात विचारून देश देणाऱ्याचा पैसा मला नको. मास्तरकी करतोय ती करत राहीन, एक वेळ उपाशी राहीन. शिकेन ते गणितच, आणि कुठं शिकायचं ते मी ठरवीन.