परड्यातला तवा

अंडं या विषयावर आमच्या मामेसासऱ्यांना गप्प करणारा माणूस अजून जन्माला यायचाय, आणि आलाच तर मामा त्याला बारशालाच गाठतील. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. पलटणीच्या लंगरात जन्मभर स्वयंपाक केला, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आष्ट्याला येऊन उसाच्या जोडीला अंड्यांचा प्रचार सुरू केला. उन्हाळ्यात अंडं उष्ण पडतं असं कुणी म्हणालं, की भर मे महिन्यात त्याच्या हातात असलेल्या वाफाळत्या चहाकडे ते नुसतं बोट दाखवतात. गावरान म्हणून तपकिरी अंडी शोधत मी सांगलीभर हिंडायचो, तर माझी त्यांनी चार पाहुण्यांत टर उडवली. "जावईबापू, कोंबडीची जात बदलली की टरफलाचा रंग बदलतो. आत माल त्योच." तालमीतले पैलवान कच्ची अंडी दुधात फेटून प्यायचे. मामांनी थेट वस्तादांपुढं जाऊन सांगितलं, की कच्च्यानं ताकद येत नाही, आलीच तर हगवण येते, उकडलेलंच अंगी लागतं. वस्ताद लई तापले, पण पुढच्या आठवड्यात तालमीत पातेलं चढलं.

त्यातून त्यांना परीक्षेचा नाद. समोर आलेलं प्रत्येक अंडं पाण्यात टाकून बघणार. तळाला बसलं तर ताजं, तरंगलं तर जुनं. ही परीक्षा ते दुसऱ्याच्या घरीही घेतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा पाणी प्यायच्या आधी बादली मागितली, आणि आमच्या फ्रिजमधलं एक अंडं बेशरमासारखं वर आलं. तेव्हापासून मामा यायचे म्हटलं की बायको आधी अंडी बदलते, मग चादरी.

पण मामींच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यामुळं अंड्यांचा तवा घरामागच्या परड्यात, पेरूखाली, तीन दगडांच्या चुलीवर. लग्नापासून त्या तव्यानं उंबरा ओलांडलेला नाही. मामा तिथंच खातात, तिथंच तवा घासतात आणि चूळ भरून घरात येतात. सोमवार, गुरुवार, एकादशी बंद. श्रावणात तवा पालथा. "अंडं वार बघत न्हाई, पण बायको बघती," असं ते स्वतःच हसत सांगतात.

मागच्या वर्षी मामींचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. उठून बसल्या तरी चक्कर यायची, जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद नाही, रोज दोन अंडी द्या. मामींनी माळेवर हात ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली. आम्ही सगळे मामांकडं बघायला लागलो. पोल्ट्रीत कोंबडाच नसतो तर अंड्यात पिल्लू येईल कुठून, या एका मुद्द्यावर त्यांनी निम्मं आष्टा बाटवलं होतं. मला वाटलं, आता तोफ सुटणार. मामांनी त्या माळेकडं बघितलं.

"साहेब," ते डॉक्टरांना म्हणाले, "अंड्याबिगार काय काय चालंल, तेवढं लिवून द्या."

मग या माणसानं मटकीला मोड आणले, दूध नासवून पनीर केलं, मुगाची धिरडी घातली, आणि मामींना भरवून स्वतःही तेच खाल्लं. तवा परड्यात गंजत पडला. चार महिन्यांत मामा निम्मे झाले. मी चिडवलं तर म्हणाले, "तिला चालत न्हाई आन् मी एकट्यानं खाल्लं, तर ते अंगी लागत न्हाई, जावईबापू." अंड्याबद्दल त्यांनी पुराव्याशिवाय मानलेली तेवढी एकच गोष्ट.

मामी हळूहळू हिंडायफिरायला लागल्या. दिवाळीनंतर आम्ही गेलो, तर परड्यात चूल पेटलेली आणि तवा राखेनं घासून लख्ख. मामा पेरूखाली गोंधळून बसलेले. मामी शेजारून येत होत्या, भिंतीला हात धरत, पदराचा ओचा सांभाळत. बादलीशी वाकून त्यांनी पदर सैल सोडला. दोन अंडी पाण्यात पडली. जन्मात ज्याला हात लावला नाही ते अंडं तळाला जाईपर्यंत त्या बघत राहिल्या.

"ताजी हाईत. लय वाळलायसा, खावा आता," मामी म्हणाल्या.

मामांनी दोन्ही अंडी तव्यावर फोडली. ते खाली मान घालून खात राहिले, आणि मामी पहिल्यांदाच त्यांच्याजवळ पेरूखाली बसून राहिल्या.