कॉलरचा तुकडा

टेलरबाईंनी सकाळपासून तिसऱ्यांदा कापड बेतायच्या फर्म्यांची पेटी जमिनीवर पालथी केली. बाह्या, गळे, खिसे... सगळ्या कागदी तुकड्यांचा खोलीभर पसारा झाला. घड्याळात साडेनऊ. अकराला वकीलबाईंकडे पहिली भेट, आणि नेमका हवा तो कागद सापडेना!

वकीलबाईंनी फोनवर बजावलं होतं, "सगळे कागद आणा. काय कधी घडलं, ते तारखांसकट लिहून काढा. रडायला वेळ मी नंतर देईन." तारखा लिहून झाल्या होत्या. लग्नाचा दाखला, लेकीचा जन्माचा दाखला पिशवीत होता. राहिली होती ती चिठ्ठी.

दोन वर्षांपूर्वी नवरा घर सोडून गेला, तेव्हा तणतणत त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान टरकन फाडलं होतं आणि मागे लिहिलं होतं, 'मी चाललो. मुलगी तुलाच लखलाभ. मला तिची जबाबदारी नको.' खाली झोकदार सही. आणि आता त्याच माणसाला लेकीचा उमाळा आला होता. मुलगी मला हवी, म्हणून नोटीस! घ्या! दोन वर्षांत पोरीच्या वाढदिवसाला साधा फोन नाही, आणि आता म्हणे बापाचं काळीज. पण चिठ्ठीच हातात नसेल, तर वकीलबाई तरी काय करणार, कपाळ? अकरा वर्षांची पोर हातची जाणार!

चिठ्ठी लेकीच्या दृष्टीस पडू नये म्हणून बाईंनी ती फर्म्यांतच दडवली होती. शिवणाऱ्या बाईचं डोकं, दुसरीकडे कुठे जाणार?

शेवटी एक बाही हाताला लागली. जाड, गुळगुळीत. एका बाजूला महिन्याचे आकडे. दुसऱ्या बाजूला, 'मुलगी तुलाच लखलाभ. मला तिची'... आणि पुढे कात्रीचा गोल काप.

"अगं बाई गं!" बाईंनी बाही उलटसुलट करून पाहिली. घाईची ऑर्डर होती, खाकी कागद संपला होता, पेटीत हाताला लागलं ते पान त्यांनी आकड्यांची बाजू वर ठेवून कापलं होतं. कात्रीला कुठे वाचता येतं? 'मेले, अक्कल काय गहाण ठेवली होतीस?' त्यांनी स्वतःलाच झाडलं. सही कुठे गेली देव जाणे, आणि सहीशिवाय ती चिठ्ठी काय, कुणीही लिहिलेली.

"आई, काय शोधतेस?" दारात लेक उभी, शाळेच्या गणवेशात.

"काही नाही गं. बँकेत जायचंय, पासबुक सापडत नाहीये. तू पळ."

"फर्म्यांत पासबुक?"

बाई तुकडे पेटीत भरू लागल्या. लेकीने दप्तर खाली ठेवलं, कंपासपेटी उघडली आणि पट्टीखालून घडी केलेला एक तुकडा काढला. कॉलर. तिच्यावर 'जबाबदारी नको', आणि खाली सही.

"तुझ्याकडे कधीपासून आहे हे?"

"उरलेल्या कागदातून माझ्या फ्रॉकची कॉलर कापलीस ना, तेव्हापासून. बाहीपण वाचली मी. तू रडशील म्हणून बोलले नाही."

बाईंना रडू आवरेना. लेकीला त्यांनी घट्ट जवळ ओढलं. जे पोरीपासून जिवापाड लपवलं, ते ती रोज शाळेत घेऊन जात होती. मग घड्याळ दिसलं. बाईंनी पदराने डोळे पुसले, दोन्ही तुकडे कडेला कड लावून जुळवले आणि टाचणी उचलली.

"टाचू नकोस," लेक म्हणाली. "भोकं पडतील. बाबांची सही आहे ती. काम झालं की मला परत हवीय."

बाईंनी टाचणी परत डबीत टाकली आणि दोन्ही तुकडे तसेच सुटे पिशवीतल्या फाइलीत ठेवले.