लांबूनच हां

"लांबूनच हां," म्हणत टीचर दोन्ही तळवे छातीसमोर धरायच्या. आमच्या नालासोपाऱ्याच्या शाळेत माझ्यासारखा नवा येणारा प्रत्येक शिक्षक आधी त्यांचं हे वाक्य शिकायचा. कुणी सहज खांद्यावर हात ठेवला तरी त्यांना तिथे मार बसल्यासारखं दुखायचं. आजाराचं नाव फायब्रोमायल्जिया. रक्त, एक्स-रे, सगळे रिपोर्ट नॉर्मल. म्हणून स्टाफरूमने निकाल देऊन टाकला होता: बाई नाटकी आहेत.

"नाटकच करायचं तर स्टेजवर केलं असतं," टीचर म्हणायच्या. "टाळ्या तरी मिळाल्या असत्या."

मग मुंबईच्या एका डॉक्टरांनी चुंबकीय उपचार सुचवला. ऑपरेशन नाही, भूल नाही. खुर्चीत बसायचं, डोक्याजवळ कॉइल धरतात, ती टकटक करते. मेंदूत वेदनेचा आवाज वाढून बसलेला असतो, तो खाली आणायचा प्रयत्न. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही त्यांनी आधीच सांगितलं.

"सुतारपक्षी बसवलाय माझ्या डोक्यावर," टीचर म्हणाल्या.

त्यांना गुण आला. काही आठवड्यांनी त्यांचा हात फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत गेला. एका दुपारी त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "बघ, मला नाही दुखलं." मला दुखलं. त्या दुखण्याचा मला फार आनंद झाला.

आता आपली माणसं बघा. उपचार डोक्याला, म्हणजे बाईंचं डोकंच बिघडलेलं. स्टाफरूममधली ही अक्कल टीचरच्या गावात गेली आणि 'शॉक देतात' होऊन लेकीच्या ठरलेल्या सासरी पोहोचली. "आईला वेड आहे का? मुलीत नाही ना येणार?" त्यांनी चर्चच्या फादरांना विचारलं. शिकलेली माणसं ही. मनाचा आजार असता तरी त्यात लाज कसली, हे एकालाही सुचलं नाही.

टीचरनी उपचार थांबवले.

"मी पत्रक काढतो," मी म्हटलं. "घराघरांत टाकतो."

"माझ्या दुखण्याचं पत्रक नको काढू रे. पोरीचं लग्न होऊ दे."

"आणि तुमचं दुखणं?"

"ते काय, ओळखीचं आहे."

लग्न झालं. त्यानंतर टीचर शाळेत परतल्या नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लग्नाच्या स्टेजवर. विहीणबाईंनी त्यांना कडकडून मिठी मारली. मग पाहुण्यांनी, मग आमच्या स्टाफरूमने. टीचर हसत होत्या. प्रत्येक मिठीला त्यांचे डोळे घट्ट मिटत होते, पण नेहमीचं वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नाही.

माझी पाळी आली. मी लांबूनच हात जोडले.