शीमॅडमची किळस

आमच्या मॅडम 'शी' म्हणाल्या की समोरच्याला आपण आज आंघोळ केली की नाही अशी शंका यायची. आवाज चढवत नसत, नाक मुरडत नसत. भातात केस सापडावा तसा चेहरा करायच्या आणि हळूच म्हणायच्या, "शी." विलेपार्ल्याच्या ज्या कॉलेजात त्या बायोकेमिस्ट्री शिकवायच्या, तिथे त्यांचं खरं नाव बहुधा फक्त ऑफिसला माहीत असावं. बाकी सगळ्यांच्या तोंडी शीमॅडम, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. कॉपी करणारी पोरं, लिफ्टमधली पानाची पिचकारी, बोटाला थुंकी लावून उत्तरपत्रिका उलटणारे सहकारी, बायकोला चारचौघांत "तुला काय कळतंय" म्हणणारे नवरे, ही त्यांची नेहमीची गिऱ्हाइकं. मी त्यांची विद्यार्थिनी, त्यात चारकोपला त्यांच्या शेजारच्याच इमारतीत राहणारी, त्यामुळे माझ्या वाट्याला दोन्हीकडून यायचं.

पण आपण सगळे ज्याला शी म्हणतो त्याचं मॅडमना काहीच वाटत नसे. एकदा त्या मटणवाल्याकडून बकऱ्याचं हृदय डब्यात घेऊन वर्गात आल्या आणि नुसत्या हाताने उचलून टेबलावर ठेवलं. मागच्या बाकावरून कोणीतरी "ई" केलं. मॅडम म्हणाल्या, "हे जन्मभर एक दिवस सुट्टी न घेता चाललंय. तू काल लेक्चरला होतास का?" मग त्यांनी शिकवलं ते मी अजून विसरलेले नाही. पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांच्या आतल्या पडद्यात एक खास चरबी असते. कार्डिओलिपिन तिचं नाव. हृदयातून पहिल्यांदा काढली म्हणून ते नाव पडलं. साध्या चरबीला दोन शेपट्या, हिला चार. ऊर्जेची यंत्रं त्या पडद्यात हिच्याच आधाराने नीट उभी राहतात. ही बिघडली की यंत्रं ढिली पडतात, आणि सगळ्यांत आधी थकतं ते हृदय. "चरबी म्हटलं की तुम्हाला फक्त स्वतःचं पोट आठवतं," असं म्हणून त्यांनी हात धुतले.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका रविवारी टाय लावलेला एक इसम पेशींची शक्ती वाढवणारे थेंब विकायला आला होता. पडद्यावर मायटोकॉन्ड्रियाची चित्रं दाखवत होता, संधिवातापासून टकलापर्यंत सगळं बरं करत होता. मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. हे पोटात गेल्यावर मायटोकॉन्ड्रियाच्या त्या आतल्या पडद्यापर्यंत कसं पोचतं, असं त्यांनी विचारलं. तो हसून म्हणाला, "मॅडम, नॅचरली." मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, आपला तो शब्द उच्चारला आणि उठून गेल्या. त्यांच्यामागे निम्म्या हॉलने बाटल्या घेतल्या. आमच्या आईने दोन घेतल्या. भामट्यांचा मला राग येतो, पण भामट्याला टाळ्या वाजवणाऱ्यांची किळस येते, आणि ती मला मॅडमनीच लावली.

खरी किळस मात्र मला माझ्याच घरात पुढे यायची होती.

प्रज्ञा माझी वहिनी. माहेर गोवंडीचं. दादाच्या पसंतीची आणि आईच्या नापसंतीची. जात, वस्ती, माणसं, सगळ्यावरून आईने आधीच नाक मुरडून घेतलं होतं. त्यात प्रज्ञाची दोन बाळंतपणं मध्येच बिनसली, दोन्ही मुलं पोटातच गेली. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आईने तिला जपायला घेतलं होतं, म्हणजे टोमणे जरा कमी केले होते.

गरोदरपणात सगळ्यांच्याच रक्ताच्या ठरलेल्या चाचण्या होतात. त्यातली एक सिफिलिसची असते. प्रज्ञाची ती पॉझिटिव्ह आली. डॉक्टरीणबाई रजेवर होत्या. रिपोर्ट दादाच्या मोबाइलवर आला, त्याने आईला वाचून दाखवला, आणि आईने कोणाला विचारावं, तर नाक्यावरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला. त्याने डोळे बारीक करून सांगितलं की हा बाहेरख्यालीपणाचा आजार. झालं. आईला इतकी वर्षं हवं होतं ते तिला छापील मिळालं.

आईने प्रज्ञाचं ताट आणि पेला वेगळा काढला. ती बाथरूममधून बाहेर आली की आई नाकाला पदर लावून आत ॲसिड ओतायची आणि तिला ऐकू जाईल इतक्या जोरात खराटा घासायची. जेवताना तिच्या माहेरच्या वस्तीचा उद्धार व्हायचा. दादा बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. बँकेत नोकरी करणारा, शिकलेला माझा भाऊ. त्याने बायकोला एकच प्रश्न विचारला, लग्नाआधी कोणी होतं का? मी भांडले, तर आईने माझं तोंड बंद केलं. तिचं ठरलं होतं. डॉक्टरीण आली की मूल पाडायचं आणि हिला गोवंडीला पोचवायची.

मी मॅडमना बोलावून आणलं. त्या आल्या, मोरीपाशी वेगळं ठेवलेलं ताट बघितलं आणि सरळ आत जाऊन प्रज्ञाच्या पलंगावर बसल्या. दार लोटून दोघी बराच वेळ बोलत होत्या. मग बाहेर येऊन त्यांनी दादाला विचारलं, "तुझी तपासणी केलीस का रे?"

दादाच्या आधी आईच स्वयंपाकघरातून मालवणीत म्हणाली, "माझ्या झिलाक कित्याक तपासूक व्हया?"

"कारण हा आजार घरात असलाच, तर तो कोणी आणला हे या रिपोर्टात लिहिलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं? कंपाउंडरने? शी."

मग त्यांनी दादाला वर्गातल्यासारखं समोर बसवून समजावलं. ही चाचणी सिफिलिसचा जंतू शोधतच नाही. बैलाच्या हृदयातून मिळवलेली तीच चरबी, कार्डिओलिपिन, त्यात वापरलेली असते, आणि रक्तातलं काही तिला येऊन चिकटतं का एवढंच बघतात. सिफिलिस झालेल्याच्या रक्तात असं चिकटणारं सापडतं. पण काही जणांचं शरीर त्या आजाराशिवायच या चरबीवर उठतं. मग चाचणी फसते. आणि अशा बाईच्या वारेत गुठळ्या होऊन मूल दगावू शकतं. "हिची दोन मुलं तशीच गेली असतील. मी डॉक्टर नाही. पण पक्की चाचणी केल्याशिवाय या घरात कोणी एक शब्द बोलायचा नाही." आईने यातलं एकच ऐकलं होतं. बैलाच्या काळजातली चरबी आमच्या रक्तात मिसळली म्हणून तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. सुनेच्या पोटातलं मूल पाडायला निघालेल्या बाईला बैलाची किळस आली.

डॉक्टरीणबाई परतल्या, त्यांनीही तेच सांगितलं आणि नव्याने रक्त घेतलं. सिफिलिस नव्हता. मॅडम म्हणत होत्या तसंच निघालं. मग रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि रोज पोटाच्या कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन सुरू झालं. प्रज्ञा ते स्वतः टोचून घ्यायला शिकली. दादा पुन्हा आतल्या खोलीत झोपायला गेला, आईने वेगळं ताट भांडीवालीला देऊन टाकलं. कोणी माफी मागितली नाही. आई शेजारणींना सांगायची, रिपोर्ट चुकलो, आमची सून तशी नाय. मुलगी झाली, तीन किलोची, ठणठणीत. आईने त्याचं श्रेय गावच्या देवाला घातलेल्या गाऱ्हाण्याला दिलं आणि थोडं त्या थेंबांना.

मी पेढे घेऊन मॅडमकडे गेले. मुलीचं ऐकून त्यांचे डोळे भरले, आणि मॅडमना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. मीही भरात येऊन म्हणाले की, मॅडम, तुमच्यामुळे वहिनी निष्कलंक ठरली. त्यांचा चेहरा एकदम भातात केस सापडल्यासारखा झाला.

"आणि रिपोर्ट खरा निघाला असता तर?" त्यांनी विचारलं. "पेनिसिलिनने बरा होणारा आजार आहे तो. मग तुम्ही तिला ठेवली असतीत का घालवली असतीत?"

त्यांनी पेढा बशीत ठेवला आणि मुलीचं वजन वाढतंय ना, ते विचारलं.

मॅडम गेल्या वर्षी गेल्या. चार दिवस ताप आल्याचं निमित्त झालं. लग्न केलेलं नव्हतं, भाचा पुण्याहून आला, बाकी सगळे आम्ही विद्यार्थी. प्रज्ञा इतकी रडली की लोक तिलाच मुलगी समजून पाणी देत होते. आई आली नाही. तिचे गुडघे दुखत होते.

स्मशानातून परत येताना मी आणि प्रज्ञा, तिच्या कडेवर मुलगी, चालतच निघालो. थोडं पुढे आल्यावर प्रज्ञाने सांगितलं की पहिल्या दिवशी दार लोटून मॅडम तिच्याशी चाचणीबद्दल फारसं बोलल्याच नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, रिपोर्ट काहीही येऊ दे, तू माझ्याकडे राहायला ये. औषध घे, बाळ होऊ दे, पुढचं पुढे.

"मग गेली का नाहीस गं?" मी विचारलं.

"जाणारच होते. बॅग भरून ठेवली होती," प्रज्ञा म्हणाली. "त्याच संध्याकाळी दुसरा रिपोर्ट आला आणि तुम्ही सगळे परत माझ्याशी बोलायला लागलात."

सिग्नलला आम्ही थांबलो. तिने मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"कधी कधी वाटतं यार," ती म्हणाली, "एक दिवस उशिरा यायला हवा होता तो."