मंडळाच्या नाटकातली मिशी

कलत्या दुपारी सिंगापुरात, क्वीन्सटाउनच्या आमच्या मजल्यावर एक पिवळट उजेड पसरतो. अलेक्झांड्राच्या बाजूने पाऊस येणार असतो, पण आलेला नसतो. कॉरिडॉरमधले वाळत घातलेले कपडे हलायचे थांबतात आणि मला उगाचच वाटतं, आपण कुठल्यातरी वेगळ्या गावी येऊन उभे आहोत. शेजारच्या मावशी मला नेहमी त्याच उजेडात आठवतात. खरं तर त्या कुठे गेलेल्या नाहीत, हाक मारली तर ओ देतील. तरी आठवतात.

त्यांची माझी ओळख माझ्या तोंडामुळे झाली. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. नवीन राहायला आलो होतो आणि मी दारात उभी राहून मुलीवर तोंडसुख घेत होते, की चपला जागेवर ठेवायला तुला मुहूर्त काढून द्यायचा का. तेवढ्यात शेजारच्या दारातून आवाज आला, "पोरीला ओरडू नको गो. दमून आलीय ती शाळेतून." वळून पाहिलं तर फुलाफुलांचा झगा घातलेल्या म्हाताऱ्या बाई. त्यांना मी इतके दिवस युरेशियन, म्हणजे इथल्या मिश्र वंशाच्या, समजत होते आणि लिफ्टमध्ये त्यांच्यासमोर बिनदिक्कत मराठीतून काय काय बोलले होते, देव जाणे.

मावशी अलिबागकडच्या. बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे यहुदी. कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. लग्न होऊन मुंबईला गेल्या, नवऱ्याच्या नोकरीपायी सिंगापूरला आल्या, आता नवरा नाही आणि मुलगा ऑस्ट्रेलियात. शुक्रवारी संध्याकाळी त्या खिडकीत दिवे लावत, तेव्हा माझीही पावलं आपोआप हळू होत. कधी मलिदा करून आणत: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर केळ्याचे काप. त्या बोलायला लागल्या की मी कधी न पाहिलेलं एक गाव हळूहळू आमच्या कॉरिडॉरमध्ये भरून यायचं. नारळी, ओली वाळू, घाण्याभोवती फिरणारा बैल. डोळे मिटले की बुओना व्हिस्टाकडच्या काचेच्या इमारती कुठल्या कुठे जात.

रविवारी मी त्यांना आमच्या मराठी मंडळात नेई. तिथे त्या मुलांना गोष्टी सांगत. मुलं इंग्रजीत उत्तरं देत, त्या मराठीत रेटत. एकदा मला म्हणाल्या, "आमच्या प्रार्थनेला जाताना दारात बॅगा तपासतात. गरजच आहे, काय करणार. तुमच्याकडे कुणी तपासत नाही, नुसतं या म्हणतात. मला बरं वाटतं." आठवडाभर त्या रविवारची वाट बघायच्या, हे मला ठाऊक होतं.

त्या वर्षी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मुलांचं नाटक होतं. शिस्तीच्या मुख्याध्यापकाला पोरं कशी वठणीवर आणतात, एवढीच गोष्ट. मुख्याध्यापकाचं टोपणनाव मात्र जर्मनीच्या त्या हुकूमशहाचं ठेवलं होतं. नाव इथे लिहीत नाही, मिशीवरून तुम्ही ओळखालच. आपल्याकडे कडक सासऱ्याला, गणिताच्या मास्तरांना, पगारी रजा न देणाऱ्या साहेबाला तेच नाव. पुण्यात फुटपाथवर त्याचं पुस्तक यशस्वी कसं व्हावं हे शिकवणाऱ्या पुस्तकांना टेकून उभं असतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. ते काम माझ्या मुलीला मिळालं. ती घरभर हात ताठ पुढे करून पाय आपटत फिरायची.

आमच्या फ्लॅटमध्ये, इथल्या बहुतेक नव्या फ्लॅटमध्ये असते तशी, जाड लोखंडी दाराची बॉम्ब शेल्टरची खोली आहे. आम्ही त्यात डाळी, प्रवासाच्या बॅगा आणि मंडळाचं सामान ठेवतो. मावशी मसुरीची डाळ मागायला आल्या, तेव्हा दार उघडंच होतं. मुलगी आतून टोपी घालून, मिशी चिकटवून बाहेर आली आणि त्यांच्यासमोर हात ताठ केला. मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तिच्या टोपीखालून निसटलेली बट कानामागे सारली आणि डाळ न घेताच घरी गेल्या.

मी मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं. माणूस अतिशय भला. मुलीला डेंग्यू झाला होता तेव्हा त्यांनी रोज डबा पोचवला होता. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

"अहो, आपल्याला कुणाला दुखवायचंय का?" ते म्हणाले. "गंमत आहे ती."

"साठ लाख माणसं मारली त्याने," मी म्हटलं.

"तिकडची भानगड ती. मुलांना माहीत तरी आहे का? उलट विनोद केला की विषय हलका होतो." समितीतल्या एक बाई म्हणाल्या, "शिस्त मात्र लावली हो त्याने. आपल्याकडे असं कुणीतरी हवंच होतं." कुणी चिडलं नाही. चहा आला, खारी बिस्किटं आली. शेवटी अध्यक्षांना तोडगा सुचला: मावशींनाच विचारू. त्यांना चालत असेल तर आपण कोण हरकत घेणारे?

रविवारी सगळ्यांसमोर, हसून, आदराने त्यांना विचारलं. मावशींनी पदर नसलेल्या खांद्यावरून उगाच हात फिरवला आणि म्हणाल्या, "चालेल की. पोरांची मजा ती." खोलीतला ताण एकदम उतरला. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कॉरिडॉरमध्ये बसलो होतो. पाऊस यायचा होता, कोकिळा खुळ्यासारखी ओरडत होती. मावशी समोर न बघता, झोपेत बोलावं तशा बोलायला लागल्या.

"माझी सासू व्हिएन्नाची. गाणाऱ्यांचं मंडळ होतं त्यांचं, तुमचं आहे तसं. एका कार्यक्रमात कुणीतरी लांब नाक लावून यहुद्याचं सोंग केलं. आधी तिला विचारलं हो, तुला राग नाही ना? ती म्हणाली, चालेल. मग म्हणाले, यंदा मागच्या रांगेत उभी राहा, चालेल? चालेल. मग म्हणाले, कार्यक्रमाला नको, तालमीला येत जा. तेही चाललं. दर वेळी कुणीतरी गोड बोलून, केक घेऊन विचारायला येई. गाणं सुटू नये म्हणून ती हो म्हणायची. मग एक दिवस कुणी विचारलंच नाही. घरातून बाहेर काढलं, तेव्हा समोर राहणारी मंडळातली माणसं खिडकीत उभी होती. पडदासुद्धा ओढला नाही कुणी."

त्यांची सासू कशीबशी मुंबईला पोचली, तिथेच लग्न करून राहिली. तिचे आईवडील नाही पोचले.

"मग काल तुम्ही हो का म्हणालात?" माझा आवाज चढला होता.

"मला रविवारी यायचंय गो," त्या म्हणाल्या. "माझ्याशी मराठी आता कोण बोलतं? तू, आणि ते."

त्याच संध्याकाळी मी नाटकातून मुलीचं नाव काढून घेतलं. अध्यक्षांना स्पष्ट सांगितलं, मावशींना विचारू नका, मला विचारा, मला चालत नाही. ते फार वाईट वाटल्यासारखं म्हणाले, "तुम्ही जरा विश्रांती घ्या. एवढं मनाला लावून घेऊ नका." मुलगी म्हणाली, "Aiyah, Aai, it's just comedy lah," आणि खोलीचं दार लावून घेतलं. तिला मी सगळं सांगितलं, पण भूमिका गेल्याचं दुःख त्याहून मोठं होतं. बारा वर्षांची आहे, असणारच. तिचं काम दुसऱ्या मुलाला मिळालं.

कार्यक्रमाला मी गेले नाही. मला वाटलं होतं मावशीही जाणार नाहीत. पण दुपारी त्या इस्त्रीची साडी नेसून दारात उभ्या होत्या. त्यांना न्यायला अध्यक्ष स्वतः गाडी घेऊन आले होते. "तू भांडलीस ते बरं केलंस," त्या हळूच म्हणाल्या, "पण मी नाही गेले तर त्यांना कळेल ना, मला चाललं नाही म्हणून." लिफ्टचं दार मिटेपर्यंत मी उभी होते. मला त्यांचाही राग आला होता, आणि तो आल्याची लाजही वाटत होती.

पाऊस पडून गेल्यावर त्या परतल्या. माझ्यासाठी फराळाचा डबा आणला होता. ओल्या कॉरिडॉरवर उजेड पाण्यासारखा हलत होता. मी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि न राहवून विचारलं.

"मिशी होती?"

"होती. पोराने काम छान केलं. सगळे खूप हसले."

"आणि तुम्ही?"

"मी सगळ्यांच्या आधी हसले," मावशी म्हणाल्या. "जरा उशीर झाला ना, की लोक वळून बघतात."