पावसाळ्यात मोजा

मांजरसुंब्याच्या ढाब्यावर ती बशीतल्या चहाला फुंकर घालत माझ्यासमोर बसली होती. हायकोर्टातून परतत होती. तिच्या वस्तीवरच्या शाळेचा पट शिक्षण खात्याच्या साहेबांनी मोजला तो दिवाळीनंतर, पोरं आईबापांसोबत ऊसतोडीला गेल्यावर. मग पट कमी म्हणून शाळेचा निधी थांबवला.

“वकील लई इंग्रजी बोलला,” ती म्हणाली. “मग जजसाहेबानं मलाच इचारलं. मी म्हणलं, ऊसतोड लागली की वस्तीवर देवळातला मारुती एकटाच ऱ्हातो. पावसाळ्यात मोजा.”

कोर्टाने तसाच हुकूम दिला होता. असे हुकूम वस्तीपर्यंत किती सावकाश पोचतात, हे मला ठाऊक होतं.

“आणि साहेब आलेच नाहीत तर?”

“न्हाई आले तर समदी पोरं घेऊन आमीच कोर्टात जाऊ. जजसाहेबालाच मोजायला लावू.”

मला पट मोजणाऱ्या त्या साहेबांची थोडी काळजी वाटली.